फास्टर फेणेचा चेहरा नेमका कुणाचा?

ज्यांना इअरफोन लावून निवांत ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा माझा आवाज दीडपट वेगाने ऐकून ज्यांचे कान किटलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जरा जास्तच झालेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढून टाकलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजच्या विषयाची सुरुवात एका भांडणापासून.

२०१७ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच संपली होती आणि 'फास्टर फेणे' सिनेमा लागला होता. मी आणि बाबा नाशिक रोडहून सिटीत सिनेमा बघायला गेलो. फेणे मला बाबांनीच दिलेला. मी दुसरी-तिसरीत असताना रात्री जेवणं झाली की ते फेणेची गोष्ट वाचून दाखवायचे, आणि त्याला काही सुचलं की जीभ टाळूला लावून जोरात "ट्टॉक!" करायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, झोपू द्या तिला!" त्यामुळे माझ्यासाठी फेणे म्हणजे एक काटकुळा शाळकरी पोरगा, सायकल, आणि बाबांचा आवाज.

सिनेमा बघून बाहेर पडलो तर माझं तोंड एवढंसं. म्हटलं, "बाबा, हा फेणे नाहीच. हा केवढा मोठा आहे! मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला आलाय. आपला फेणे शाळेत जातो."

बाबा शांतपणे म्हणाले, "मला तर आवडला बुवा."

झालं! घरी पोचेपर्यंत आम्ही भांडत होतो. रिक्षावाला दोनदा मागे वळून बघत होता. नाशिक रोड जवळ आलं तेव्हा बाबा एवढंच बोलले, "तुझा काका सत्त्याऐंशी साली अगदी हेच बोलला होता. हेच शब्द. हा फेणे नाहीच."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. आज आपण त्याचाच माग काढणार आहोत. पुस्तकातला डिटेक्टिव्ह पडद्यावर येतो तेव्हा वाचकांचं नेमकं काय बिनसतं? आणि ज्यांना पडद्यावर कुणी आणलंच नाही, त्यांचं काय होतं?

आधी फेणे

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बनेश फेणे, मूळचा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात विद्याभवन शाळेत. सायकलवर सुसाट, डोकं त्याहून सुसाट. त्याचे जनक भा. रा. भागवत, जन्म १९१०, मृत्यू २००१. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणून पोरांना चंद्रावर आणि समुद्राच्या तळाशी फिरवून आणणारे तेही हेच. फेणेची वीस पुस्तकं आहेत. तो प्रतापगडावर जातो, चक्रीवादळात सापडतो, चोर पकडतो, आणि कुठेही गेला तरी आधी संकट त्याला शोधत येतं.

आता १९८७. दूरदर्शनवर 'फास्टर फेणे' मालिका आली. फेणे झाला होता सुमीत राघवन. हो हो, तोच, 'साराभाई व्हर्सेस साराभाई'मधला साहिल आणि अलीकडच्या 'वागले की दुनिया'मधला वागले. तेव्हा तो कोवळा पोरगा होता.

माझा काका त्या वेळी बारा वर्षांचा. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारी होता. पत्र्यावर अँटेना, वारा आला की पडद्यावर मुंग्या. काका आधीपासून जाऊन पुढची जागा धरून बसला. आणि मालिका संपल्यावर घरी येऊन म्हणाला, "हा फेणे नाहीच." बाबांनी विचारलं, का रे? तर म्हणे, "तो असा बोलत नाही."

जरा थांबून या उत्तराकडे बघा. फेणे छापलेला आहे. त्याला आवाज नाही. मग तो "असा" बोलत नाही हे काकाला कुठून कळलं? कारण काकाने तोवर त्याला आवाज दिलेला होता. स्वतःचाच. पुस्तक वाचणारा प्रत्येक पोरगा मनातल्या मनात कास्टिंग करून बसलेला असतो. त्या रोलसाठी त्याने दुसऱ्या कुणाची ऑडिशन घेतलेलीच नसते.

आणि गंमत बघा. २०१७ च्या सिनेमाबद्दल हाच काका मला फोनवर म्हणाला, "अमेय वाघ चांगला आहे गं, पण सुमीत राघवनची सर नाही." तीस वर्षांत तोतया अस्सल झाला होता!

हे दुखणं जुनं आहे

असं वाटत असेल की हे आपल्याकडचंच, तर तसं नाही. डिटेक्टिव्ह आणि त्याचे चाहते यांचं नातं पहिल्यापासूनच हट्टी आहे. १८९३ साली आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून मारलं, तर लोकांनी ज्या मासिकात त्या कथा यायच्या त्याची वर्गणी हजारोंनी बंद केली. लेखकाला शेवटी होम्स परत आणावा लागला. होम्सची ती वाकडी पाईप तुमच्या डोळ्यांसमोर आहे ना? ती पुस्तकातून आलेली नाही. ती रुजली विल्यम जिलेट या नटामुळे, ज्याने १८९९ पासून होम्सला रंगभूमीवर उभं केलं. म्हणजे आज आपण ज्याला "अस्सल होम्स" म्हणतो, त्यातला बराचसा एका नाटकवाल्याने दिलेला आहे.

हाच प्रकार आपल्या देशात सत्यजित राय यांच्या बाबतीत घडला, आणि तिथे तर खुद्द लेखकच चाहत्यांच्या बाजूला जाऊन बसला. राय यांचा डिटेक्टिव्ह फेलूदा. मराठीत हा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे आणि रोहन प्रकाशनामुळे आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचला असेल. फेलूदाबरोबर त्याचा चुलतभाऊ तोपशे असतो आणि जटायू या टोपणनावाने थरारक कादंबऱ्या लिहिणारे लालमोहनबाबू असतात. 'सोनार केल्ला' या १९७४ च्या सिनेमात जटायू झाले संतोष दत्त. ते इतके फिट्ट बसले की पुढच्या पुस्तकांत राय जटायूची जी चित्रं काढायचे, त्यातला जटायू हळूहळू संतोष दत्तांसारखा दिसायला लागला! म्हणजे पुस्तकाने सिनेमाला चेहरा दिला नाही, सिनेमाने पुस्तकाला दिला.

आणि याच फेलूदामध्ये एक मराठी माणूस येतो. १९८० च्या दशकात दूरदर्शनसाठी हिंदीत 'किस्सा काठमांडू का' बनलं. दिग्दर्शक सत्यजित राय यांचे चिरंजीव संदीप राय. फेलूदा झाले शशी कपूर, आणि जटायू झाले आपले डॉ. मोहन आगाशे. 'घाशीराम कोतवाल'चे नाना फडणवीस! पुण्याचा मानसोपचारतज्ज्ञ बंगालचा सर्वांत लाडका विनोदी लेखक झाला. बंगाली वाचकांची मुख्य तक्रार शशी कपूरबद्दल होती. त्यांचा फेलूदा सडसडीत, चपळ, आणि शशी कपूर तोवर चांगले भरलेले. लोकांना ते काही पटलं नाही.

पण मराठी घरात ज्यांनी ते बघितलं, त्यांना असा काही त्रास झाला नाही. का? कारण त्यांनी पुस्तक वाचलेलंच नव्हतं. त्यांच्या मनात आधी कुणी बसलेलंच नव्हतं, तर उठवणार कुणाला?

हा मुद्दा लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

ब्योमकेश आणि आपलं नातं

आता सगळ्यात मोठी केस. 'ब्योमकेश बक्षी'. बासू चटर्जी यांची मालिका, दूरदर्शनवर पहिला भाग १९९३ मध्ये आणि दुसरा १९९७ मध्ये. ब्योमकेश झाले रजित कपूर, त्याचा मित्र अजित झाले के. के. रैना. आणि ब्योमकेशची बायको सत्यवती कोण होती? सुकन्या कुलकर्णी. पुढे १९९९ मध्ये 'आभाळमाया'मधून घराघरात पोचली ती सुधा जोशी. आईला विचारा, लगेच सांगेल.

पण ब्योमकेशचं महाराष्ट्राशी नातं याहून खोल आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. ब्योमकेशचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये मुंबईत आले, बॉम्बे टॉकीजसाठी सिनेमांच्या पटकथा लिहायला. पुढे १९५२ च्या सुमारास सिनेमा सोडून ते पुण्याला जाऊन राहिले, आणि १९७० मध्ये जाईपर्यंत महाराष्ट्रातच राहिले. ब्योमकेश त्यांनी १९३२ मध्ये सुरू केला होता, पण मुंबईला येण्याआधीच लिहिणं थांबवलं होतं. मध्ये जवळजवळ पंधरा वर्षं एकही कथा नाही. मग कोलकात्याच्या एका भेटीत त्यांच्या लक्षात आलं की तिथल्या पोरापोरींना ब्योमकेश अजून हवा आहे. १९५१ च्या सुमारास त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. होम्सचीच गोष्ट, फक्त वर्गणी बंद न करता!

म्हणजे हिशेब करा. ब्योमकेशच्या बत्तीस पूर्ण कथांपैकी पहिल्या दहाएक सोडल्या तर बाकी सगळ्या त्यांचा संसार महाराष्ट्रात असतानाच्या. कोलकात्यातली ती मेस, तो पाऊस, त्या गल्ल्या, हे सगळं पुण्यातल्या टेबलावर बसून लिहिलं गेलं. आणि याच माणसाने शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मावळ्या पोराच्या गोष्टी बंगालीत मुलांसाठी लिहिल्या. बंगाली पोरं सह्याद्री अशी वाचत होती.

आता मालिकेबद्दल. बासूदांनी जे केलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण डिटेक्टिव्ह कथा पडद्यावर आणणं हे दिसतं त्यापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे. तीन अडचणी सांगते.

पहिली अडचण सांगणाऱ्याची. ब्योमकेशच्या बहुतेक कथा अजित सांगतो. फेलूदाच्या तोपशे सांगतो, होम्सच्या वॉटसन. हा सांगणारा आपल्याइतकाच बुचकळ्यात पडलेला असतो, म्हणून आपण त्याच्या शेजारी बसून वाचतो. कॅमेऱ्याला असा शेजार नसतो. तो सगळं उघडं दाखवतो.

दुसरी अडचण पुराव्याची. पुस्तकात लेखक एखादा धागा वाक्याच्या मधेच सोडून देतो. "टेबलावर चहाचा कप, विझलेली सिगारेट आणि किल्ली होती." तुम्ही वाचून पुढे जाता. पडद्यावर त्या किल्लीचा क्लोजअप घेतला की खेळ खलास, आणि नाही घेतला तर शेवटी प्रेक्षक म्हणतो, हे दाखवलंच नव्हतं, फसवणूक आहे.

तिसरी अडचण ओळखीच्या चेहऱ्याची. दोन मिनिटांच्या नोकराच्या भूमिकेत नामवंत नट दिसला की आमची आजी लगेच म्हणायची, "हाच खुनी. नाहीतर एवढा मोठा माणूस ट्रे घेऊन कशाला येईल?" आणि दहापैकी आठ वेळा आजी बरोबर असायची.

बासूदांनी उपाय काय केला? घाई केली नाही. साधी खोली, चहा, धोतर नेसलेला ब्योमकेश, आणि दोन माणसांचं बोलणं. क्लोजअपचा मारा नाही, दणदणीत संगीत नाही. प्रेक्षकाला अजितच्या शेजारची खुर्ची परत मिळाली. ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणतो, सत्य शोधणारा. रजित कपूर तसेच वाटतात. हिरो वाटत नाहीत, विचार करणारा माणूस वाटतात. मालिका हिंदीत असूनही कित्येक बंगाली वाचकांनी त्यांना आपला ब्योमकेश मानलं, ते काही उगाच नाही. आणि हे लक्षात घ्या की १९६७ मध्ये सत्यजित राय यांनी 'चिडियाखाना' सिनेमात उत्तम कुमारला ब्योमकेश केलं होतं. म्हणजे तुलना केवढ्या मोठ्या नावाशी होती!

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि दूरदर्शनने 'रामायण'बरोबर 'ब्योमकेश बक्षी'ही पुन्हा सुरू केलं. आमच्या घरी सकाळी भाजी चिरता चिरता आम्ही तिघं बघायचो. मी पहिल्यांदाच. बाबांनी ते नव्वदीत बघितलेलं, आणि त्यांची वाईट खोड म्हणजे मध्येच "आता बघ हं" म्हणणं. एकदा तर त्यांनी गुन्हेगाराचं नावच सांगून टाकलं. मी दिवसभर बोलले नाही.

त्यानंतर मी मूळ कथा हिंदी अनुवादात वाचायला घेतल्या. आणि मला काय दिसलं? पानापानावर रजित कपूर. मी कितीही ठरवलं तरी दुसरा चेहराच येईना. काकाच्या अगदी उलट झालं होतं. त्याने पुस्तक आधी वाचलं आणि पडदा त्याला खोटा वाटला. मी पडदा आधी बघितला आणि पुस्तक मला त्या पडद्याची आठवण वाटलं. कुणाचं बरोबर? मला वाटतं, जो आधी येतो तो घर करतो, एवढंच. निष्ठा वगैरे आपण नंतर नाव देतो.

ज्यांना चेहराच मिळाला नाही

आणि आता त्या प्रश्नाकडे येते, ज्यासाठी खरं म्हणजे हा भाग करायला घेतला.

लॉकडाऊनमध्ये एक दिवस मालिका संपल्यावर मी बाबांना विचारलं, "तुमचा स्वतःचा आवडता डिटेक्टिव्ह कोण? लहानपणीचा?" मला वाटलं फेणे म्हणतील. बाबा थोडे लाजले. खरंच लाजले. आणि म्हणाले, "झुंजार."

बाबूराव अर्नाळकर. जन्म १९०६, मृत्यू १९९६. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिल्या. हजारावर! झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची माणसं. त्यांच्या मागोमाग गुरुनाथ नाईक आले, त्यांचीही संख्या हजारावर. मग सुहास शिरवळकर आले, त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद. महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्या या पुस्तकांवर वाचायला शिकल्या. गिरणीत काम करणारे, एसटीत काम करणारे, शाळा अर्धवट सोडलेले, सगळे.

बाबा सांगत होते, त्या वेळी ही पुस्तकं विकत कुणी घेत नसे. गल्लीतल्या वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने आणायची. रात्रीत संपवायची, कारण दुसऱ्या दिवशीचे पैसे नसायचे. आजोबांना कळलं की मार. भूगोलाच्या पुस्तकात झुंजार लपवलेला सापडला आणि आजोबांनी तो चुलीत घातला. वाचनालयाचा दंड फेडायला बाबांनी दोन महिने पेपर टाकले.

"मारलं का? अभ्यास सोडून वाचत होता म्हणून?" मी विचारलं.

"नाही गं. कथाकादंबऱ्या आजोबाही वाचायचे. पण हे वाचणं म्हणजे वाया जाणं, असं त्यांचं म्हणणं."

इथे माझ्या मते खरी गोम आहे. बंगालमध्ये डिटेक्टिव्ह कथा लिहिणारी माणसं कोण? शरदिंदू, ज्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना मान होता. सत्यजित राय, ज्यांना जग ओळखत होतं. त्यांच्या कथा आधी कुठे छापून यायच्या? मुलांच्या 'संदेश' मासिकात, दुर्गापूजेच्या विशेषांकांत. म्हणजे जे अंक घरातले आजोबाही दिवाणखान्यात उघडपणे वाचायचे, त्यात. आपल्याकडे रहस्यकथेची जागा होती भाड्याच्या वाचनालयात आणि भूगोलाच्या पुस्तकात. जे दिवाणखान्यात आलं नाही, ते दूरदर्शनवर कोण आणणार?

याला पुरावा म्हणून फेणेकडेच बघा. तोही चोर पकडतो. पण तो बालसाहित्य म्हणून आला, भागवतांसारख्या मान असलेल्या लेखकाकडून आला. त्याला १९८७ मध्ये मालिका मिळाली आणि २०१७ मध्ये सिनेमाही मिळाला. झुंजार मात्र ब्योमकेशसारखा घराघरातल्या टीव्हीवर कधी पोचला नाही.

मग मराठी टीव्हीला गुन्हेगार पकडणारे नको होते का? छे! भरपूर हवे होते. 'हॅलो इन्स्पेक्टर'मध्ये रमेश भाटकर, 'परमवीर'मध्ये कुलदीप पवार. पोलिसांच्या फोन नंबरावरून नाव घेतलेली 'एक शून्य शून्य', जिच्यात शिवाजी साटम इन्स्पेक्टर होते. तिचे बी. पी. सिंग आणि साटम हीच जोडी पुढे १९९८ मध्ये 'सीआयडी' घेऊन आली. दया, दरवाजा तोड, आलं ना लक्षात? म्हणजे प्रेक्षक होते, नट होते, बनवणारे होते. फक्त कपाटातून पुस्तक काढायला कुणी हात घातला नाही.

शिरवळकरांच्या बाबतीत थोडं वेगळं झालं, पण उशिरा झालं. ते २००३ मध्ये गेले. 'दुनियादारी' सिनेमा आला २०१३ मध्ये, 'समांतर' वेब सिरीज २०२० मध्ये. दोन्ही वेळा जुन्या वाचकांनी पुस्तक आणि पडदा शेजारी ठेवून हिशेब मांडला. "आमचा तो कट्टा असा नव्हता," "शेवट बदलायची काय गरज होती?" मला हे भांडण आवडतं. कारण ज्या पुस्तकावर भांडण होतं ते पुस्तक जिवंत असतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी 'समांतर' मोबाईलवर बघितलं आणि मग कळलं की हे एका कादंबरीवर आहे. पण लक्षात घ्या, पडद्यावर मोठी झाली ती त्यांची दुनियादारी आणि त्यांचा हातावरच्या रेषांचा थरार. अमर विश्वास आणि फिरोझ इराणी यांची घराघरात तशी भेट झाली नाही.

हरवलेली पानं

शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते.

गेली तीन-चार वर्षं बाबांना काचबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही. टीव्ही दिसतो, पण पुस्तक नाही. वाचणारा माणूस असा बसून राहिला की घर कसं होतं, ते ज्यांच्या घरी आहे त्यांना माहीत. मग मी एक दिवस रद्दीच्या दुकानातून अर्नाळकरांची एक जुनी कादंबरी आणली. पिवळी पडलेली, कोपरे झिजलेले, पान उलटताना तुकडा हातात येईल असा कागद. नाव सांगत नाही, कारण पुढे शेवटाबद्दल बोलणार आहे.

रोज रात्री जेवणानंतर मी वाचायचे, बाबा ऐकायचे. वीस वर्षांपूर्वीचं उलटं झालं होतं. बाबांना अर्धं आठवत होतं. मध्येच म्हणायचे, "इथे झुंजार असा मोठ्याने बोलत नाही गं, हळू वाच." मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?" आणि माझं मलाच हसू आलं. काकाचं वाक्य!

सहाव्या रात्री कळलं की शेवटची पानं नाहीतच. फाटलेली. मी हळहळले, पण बाबा म्हणाले, "ठेव ते. मी सांगतो पुढे." आणि त्यांनी डोळे मिटून शेवट सांगितला. पाठलाग, खोटं पत्र, दारामागे उभा असलेला माणूस. पन्नास वर्षांपूर्वी एका रात्रीत वाचलेलं सगळं. मी थक्क.

पुढे काही महिन्यांनी एका ओळखीच्या गृहस्थांकडे त्याच कादंबरीची पूर्ण प्रत मिळाली. मी आधी एकटीनेच शेवट वाचला. तो पूर्ण वेगळा होता. पत्र नव्हतं, दारामागे कुणी नव्हतं. बाबांचा शेवट त्यात नव्हताच. बाबांनी तो पन्नास वर्षांत कधीतरी, इतर चार पुस्तकांचे तुकडे जोडून, स्वतःच बनवला होता आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? छापलेला शेवट वाचून दाखवायचा? "बाबा, हा तुमचा झुंजार नाहीच" म्हणायचं?

मी वाचून दाखवला. मला वाटलं, वाचणाऱ्या माणसाला फसवू नये. बाबांनी शांतपणे ऐकलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगला आहे. पण माझा बरा होता."

त्या रात्री मला २०१७ मधली रिक्षा आठवली. तेव्हा बाबांना सिनेमातला मोठा झालेला फेणे का आवडला, ते मला उशिरा कळलं. त्या सिनेमात भा. रा. भागवत हे स्वतःच एक पात्र आहेत, दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. म्हणजे म्हातारा लेखक आणि त्याने जन्माला घातलेला, आता मोठा झालेला पोरगा एकाच घरात बोलत बसलेत. मी फेणेच्या वयावर चिडले होते. बाबा बहुतेक त्या म्हाताऱ्याकडे बघत होते.

तर मंडळी, पडदा पुस्तक बिघडवतो का? कधी कधी, हो. पण झुंजारला कुणी बिघडवायलाही घेतलं नाही, आणि त्याची पानं रद्दीत गळून चालली आहेत. मला विचाराल तर पुस्तक धड न वाचता काढलेली मालिकाही चालेल, निदान कुणीतरी चिडून मूळ पुस्तक शोधेल.

तोवर एक काम करा. घरातल्या मोठ्या माणसांना, काका, मावशी, आजोबा, जे असतील त्यांना विचारा की चोरून काय वाचायचात? आणि त्यांचा तो हिरो कसा बोलायचा, तेही विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. नाशिकमध्ये असाल तर १८४० पासून चालू असलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे एक चक्कर मारा. आणि घरात एखादी पिवळी पडलेली रहस्यकथा असेल तर ती रद्दीत घालण्याआधी शेवटची पानं आहेत का, तेवढं बघा.

नसतील, तर ज्याने ती वाचलीय त्याला विचारा. शेवट चुकीचा सांगेल कदाचित. पण ऐका.

भेटू पुढच्या भागात. ट्टॉक!